अशक्य परिस्थितीची मागणी

आपल्या रोजच्या वापरातली बहुतेक सॉफ्टवेअरं बिघडली की लाजतात. "अरेरे, काहीतरी गडबड झाली" म्हणतात, एखादा रडवेला चेहरा दाखवतात आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा असं सांगून विषय बदलतात. डेबियन लिनक्सवरच्या 'ॲप्ट'ला ही लाज नाही. पॅकेजं बसवणं, काढणं आणि नवी करणं एवढंच त्याचं काम. ते जमलं नाही की तो इंग्रजीत दोन गोष्टी ऐकवतो. पहिलीचा मथितार्थ असा, की काही पॅकेजं बसत नाहीत, म्हणजे तुम्ही बहुधा अशक्य परिस्थितीची मागणी केली आहे. दुसरीचा असा, की मला हे निस्तरता येत नाही, कारण मोडकी पॅकेजं तुम्ही धरून ठेवली आहेत.

दोष सर्व्हरचा नाही, नेटवर्कचा नाही, ग्रहांचा नाही. तुमचा आहे. आणि वाईट भाग असा, की ॲप्टचं बहुतेक वेळा बरोबर असतं.

ही बोलणी खायला फार कष्ट पडत नाहीत. डेस्कटॉप नवा करायला घेतला की झालं. कर्नल नवा आला तर जुना कर्नल शेजारीच राहतो. मशीन चालू करताना हवा तो निवडा. डेस्कटॉपचं तसं नाही. तो एक कार्यक्रम नसून एक गावकी असते. खिडक्या हलवणारा वेगळा, वॉलपेपर टांगणारा वेगळा, पासवर्ड सांभाळणारा वेगळा, आवाज लहानमोठा करणारा वेगळा, आणि हे सगळे एकाच पायावर उभे. १९९६ च्या ऑक्टोबरात मॅथियास एट्रिख नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने केडीई या डेस्कटॉपची घोषणा केली. युनिक्सवरचा प्रत्येक कार्यक्रम वेगळा दिसतो आणि वेगळा वागतो, ही त्याची तक्रार होती. सगळे सारखे दिसावेत म्हणून सगळ्यांना क्यूटी नावाच्या एकाच लायब्ररीवर बसवलं. तेव्हापासून सगळे खरोखरच सारखे दिसतात, आणि अडतातही एकदमच.

आमचे एक स्नेही निवृत्त लेखापरीक्षक आहेत. हयातभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यामुळे, जे दिसतं त्यावर त्यांचा विश्वास नाही आणि जे दिसत नाही त्यावर त्याहून नाही. लिनक्स त्यांनी घेतला तोच मुळी या कारणाने, की यात सगळं उघडून बघता येतं. घरच्या मशीनवर डेबियन १२ आणि त्यावर केडीईचा प्लाझ्मा ५.२७. सगळं सुरळीत चाललं होतं. मग ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आला आणि त्यात प्लाझ्मा ६.३ असल्याचं त्यांनी वाचलं.

"नवीन काय आहे त्यात?" मी विचारलं.

"पाचाच्या जागी सहा आहे," ते म्हणाले.

डेस्कटॉप नवा करण्यामागे यापेक्षा सबळ कारण मी आजवर कुणाकडूनही ऐकलेलं नाही.

त्यांनी डेबियनच्या प्रकाशन-टिपा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. असं करणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. त्या टिपांत एक सूचना आहे, की अपग्रेड करताना 'स्क्रिप्ट' नावाची आज्ञा लावून पडद्यावर जे जे उमटेल त्याची नोंद ठेवावी. ही सूचना वाचून त्यांना भरून आलं. दुसरी सूचना अशी, की ज्या डेस्कटॉपवर बसला आहात तोच बदलत असल्यामुळे, आत बसून हे काम करू नका. साध्या काळ्या कन्सोलवर जा. ती त्यांना तितकीशी रुचली नाही, पण नियम म्हणजे नियम. मला बोलावलं ते मदतीला नव्हे. "तुम्ही नुसते बसा. साक्षीदार असलेला बरा."

ॲप्ट कामाला लागला की प्रत्येक पॅकेजची चिठ्ठी वाचतो. डेबियन १३ मध्ये पॅकेजं ६९,८३०, आणि प्रत्येकाची आपली एक चिठ्ठी. तिच्यात शेजाऱ्यांविषयीची मतं लिहिलेली असतात, आणि ती वाचली की सॉफ्टवेअर माणसंच लिहितात याची खात्री पटते. 'डिपेंड्स' म्हणजे अमुक नसेल तर मी येणार नाही. 'प्री-डिपेंड्स' म्हणजे तो नुसता येऊन चालायचं नाही, माझ्या आधी येऊन, बसून, तयार असला पाहिजे. 'रेकमेंड्स' म्हणजे आला तर बरं. पण ॲप्ट शिफारशीसुद्धा आपण होऊन मान्य करत असल्यामुळे ही शिफारस वरून आलेली समजायची. 'सजेस्ट्स' म्हणजे सुचवून ठेवतो. याकडे कुणीही बघत नाही. 'ब्रेक्स' म्हणजे तो घरात राहिला तरी चालेल, पण मी आल्यावर त्याने काम करायचं नाही. 'कॉन्फ्लिक्ट्स' म्हणजे तो किंवा मी. 'प्रोव्हाइड्स' हा सर्वांत व्यवहारी प्रकार: तुम्हाला टपाल वाटणारा हवा आहे ना, मग मला टपालवाला समजा. एक्झिम आणि पोस्टफिक्स हे दोघंही अशी पाटी लावून बसलेले असतात.

आमच्या स्नेह्यांना सर्वांत आवडला तो 'एन्हान्सेस'. यात एक पॅकेज दुसऱ्याबद्दल परस्पर जाहीर करतं, की माझ्यामुळे त्याची शोभा वाढते. दुसऱ्याने विचारलेलं नसतं.

"असे आमच्या खात्यात फार होते," ते म्हणाले आणि पुढे सरकले.

टिपांत सांगितल्याप्रमाणे अपग्रेडचे दोन टप्पे. पहिल्यात नवीन कुणाला आत न घेता, आहे त्यांतलं जेवढं सहज नवं होईल तेवढं करायचं. तो पार पडला. दुसरा 'फुल-अपग्रेड'. एंटर दाबला, आणि 'पुढील पॅकेजं काढून टाकली जातील' या मथळ्याखाली नावांची जी रांग सुरू झाली ती पडदा ओलांडून वर निघून गेली. लिबग्लिब जाणार. लिबजीटीके जाणार. लिबएसएसएल३ जाणार. लिबकप्स जाणार, म्हणजे प्रिंटर गेला. स्नेह्यांचा हात कीबोर्डावरून आपोआप मागे आला.

या रांगेमागची कथा जितकी गंभीर तितकीच गमतीची. जुन्या ३२-बिटी पद्धतीत संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतो, आणि ती मोजणी १९ जानेवारी २०३८ ला संपते. भारतीय वेळेनुसार मंगळवारी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. त्यापुढच्या सेकंदाला असली यंत्रं १९०१ सालात जातील. तो दिवस यायच्या आत डेबियनने वेळ ६४ बिटांत मोजायचं ठरवलं आणि ज्या ज्या लायब्ररीचा वेळेशी संबंध, तिच्या नावाला 'टी६४' असं शेपूट जोडलं. लिबएसएसएल३ची लिबएसएसएल३टी६४ झाली. आपल्या रोजच्या ६४-बिटी मशीनांना हे दुखणं कधी नव्हतंच, पण सगळीकडे नावं सारखी हवीत म्हणून त्यांच्याही लायब्रऱ्यांचं बारसं नव्याने झालं. तेव्हा 'जाणार' म्हणून जी यादी येते तिच्यातली बरीच मंडळी पलीकडच्या 'येणार' यादीत शेपटासह हजर असतात. हे मी सांगितलं तर त्यांनी दोन्ही याद्या कागदावर उतरवून घेतल्या आणि नावापुढे नाव टिकमार्क करत बसले. जुळल्या. निदान लायब्रऱ्यांपुरत्या.

मग 'होय' म्हणण्याआधी खात्री म्हणून त्यांनी प्लाझ्मा ६ नाव घेऊन मागून पाहिला. आणि ॲप्टने ती दोन वाक्यं ऐकवली.

"मी?" ते म्हणाले. "मी काय धरून ठेवलंय?"

याचं उत्तर शोधायला 'ॲप्टिट्यूड' नावाचा ॲप्टचा बोलका भाऊ आहे. त्याला 'व्हाय-नॉट' असा सरळ प्रश्न विचारता येतो: अमुक का बसत नाही? तो कारणांची साखळी दाखवतो. प्लाझ्मा ६ बसत नाही, कारण त्याला नवी लायब्ररी हवी. ती बसत नाही, कारण तिच्यासोबत जुन्या क्यूटी ५ची पण नवी खेप यायची आहे. डेबियन १२ मध्ये ५.१५.८ होती, १३ मध्ये ५.१५.१५. ती येत नाही, कारण कुणीतरी ५.१५.८च पाहिजे असं म्हणून बसलं आहे, ५.१५.१५ दारात उभी असली तरी त्याला ती नको. आणि साखळीच्या टोकाला निघाला फोटो लावायचा एक कार्यक्रम. बाहेरच्या रेपॉझिटरीतून आणलेला, आणि वर 'होल्ड' करून ठेवलेला, म्हणजे याला कुणी हात लावायचा नाही अशी ॲप्टला ताकीद दिलेला. क्यूटीच्या पोटातल्या खासगी भागांशी ज्याचं सूत जुळलेलं असतं त्याला अगदी नेमकी तीच खेप लागते. सबंध इमारतीचा पुनर्विकास ठरावा, बिल्डर यावा, नकाशे मंजूर व्हावेत, आणि दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा कबुतरांना दाणे घालायची जागा नव्या नकाशात दिसत नाही म्हणून सही अडवून बसावेत, तसं हे होतं.

"तो राहू दे," स्नेही म्हणाले. "त्याच्या नव्या आवृत्तीत तारखेनुसार लावायचं बटण काढलंय."

बघा. प्लाझ्मा सहा का, तर सहा आहे म्हणून. आणि फोटोवाला जुनाच का, तर एका बटणासाठी. ॲप्ट ज्याला अशक्य परिस्थिती म्हणतो ती हीच. सगळं नवं झालं पाहिजे आणि माझं आवडतं काही बदलता कामा नये. मोठ्या प्रमाणावर हेच पूर्वीही झालेलं आहे. जानेवारी २००८ मध्ये केडीई ४ आला तेव्हा काहींनी ३.५ सोडायला नकार दिला आणि पुढे ट्रिनिटी नावाने तोच डेस्कटॉप सांभाळला. एप्रिल २०११ मध्ये गनोम या दुसऱ्या डेस्कटॉपची ३ ही आवृत्ती आल्यावर अर्जेंटिनातल्या एका लिनक्सप्रेमीने गनोम २ ची प्रत उचलून माटे सुरू केला. दोन्ही आजही चालू आहेत. एक पॅकेज होल्ड करणारा माणूस आणि एक सबंध डेस्कटॉप होल्ड करणारा माणूस यांच्यात फरक फक्त चिकाटीचा. (गनोमवाल्यांनी इथे हसू नये. सप्टेंबर २०२३ च्या गनोम ४५ ने एक्स्टेन्शनं लिहायची पद्धतच बदलली आणि जुनी सगळी एक्स्टेन्शनं एका दिवसात निकामी झाली. ती घटना अजून ताजी आहे.)

ॲप्टिट्यूड नुसता अडचण सांगून थांबत नाही, तोडगेही सुचवतो. पहिला तोडगा बहुधा असा असतो, की सगळं आहे तसंच ठेवावं. कोणत्याही समितीचा अहवाल याच्यापेक्षा वेगळा नसतो, त्यामुळे आमच्या स्नेह्यांना तो वावगा वाटला नाही. पण सहा हवा होता. 'नाही' म्हटलं तर दुसरा तोडगा: फोटोवाला राहील, डेस्कटॉप जाईल. पुन्हा 'नाही'. तिसऱ्यात डेस्कटॉप राहणार होता, पण पॅनेलशिवाय. एकेका 'नाही'सरशी तोडगे अधिकाधिक विक्षिप्त होत गेले. पाचव्या-सहाव्यानंतर मला शंका आली, की तो आता आम्हाला खेळवतो आहे.

तसं नव्हतं, बिचाऱ्याला खरंच कठीण जातं. हा गणितातला अवघड जातीचा प्रश्न आहे. स्टीफन कुकने १९७१ मध्ये ज्या वर्गाचा पाया घातला त्या 'एनपी-कम्प्लीट' प्रश्नांपैकी एक. 'हा हवा, किंवा तो हवा, पण ते दोघं एकत्र नकोत' अशा हजारो अटी एकाच वेळी पाळणारी निवड आहे का, हे हमखास पटकन सांगणारी रीत कुणालाही सापडलेली नाही. पॅकेजांच्या बाबतीतही नेमकं हेच घडतं, हे युरोपातल्या एडॉस प्रकल्पातल्या संशोधकांनी वीसेक वर्षांपूर्वी सिद्ध केलं. ओपनसुसेने यासाठी सरळ गणिती तर्काचं इंजिन बसवलं. डेबियन १३ च्या ॲप्ट ३.० मध्येही नवा सोडवणारा आला आहे. त्यात जाणारी पॅकेजं लाल रंगात आणि येणारी हिरव्या रंगात दिसण्याची सोयही आहे. गोम एवढीच, की हा नवा ॲप्ट अपग्रेड झाल्यावर मिळतो. अपग्रेड करायचं ते जुन्याच, बिनरंगी ॲप्टने.

रंगाने फार काही साधतं असंही नाही. माणूस वाचतच नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएसवर स्टीम हा खेळांचा कार्यक्रम बसवायला घेतला. लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या, म्हणून ॲप्टने जाहीर केलं की यासाठी डेस्कटॉप काढावा लागेल, आणि हे काय करता आहात ते नीट माहीत असल्याशिवाय करू नका. पुढे जायचं तर 'होय, मी सांगतो तसं कर!' असं अख्खं वाक्य उद्गारचिन्हासह टाइप करा. त्यांनी केलं. ॲप्टनेही सांगितलं तसं केलं. लाखो लोकांनी तो व्हिडिओ पाहिला, त्यावर भांडण पेटलं, आणि ॲप्टच्या लेखकांनी पुढे ही वाट बरीच अरुंद करून टाकली. माझ्या मते दोन्ही बाजू बरोबर होत्या. खेळ बसवायला आलेल्या माणसाला घर पाडू का असं विचारूच नये. आणि विचारलंच तर त्यानेही उद्गारचिन्ह इतक्या सहज लावू नये.

घर पाडायला इतकी तयारी लागतेच असंही नाही. 'गनोम'सारखं मेटापॅकेज आतून रिकामं असतं. त्याच्याकडे फक्त यादी: हे हवं, ते हवं, तिसरंही हवं. कुणीतरी म्हणतं, मला तिसरं नको. तिसरं काढलं की यादीवाला निघतो, कारण त्याची अट मोडली. यादीवाला गेल्यावर कधी कधी ॲप्ट सांगतो, की हा जो बाकीचा डेस्कटॉप आहे तो आता कुणालाच नको आहे, 'ऑटोरिमूव्ह'ने झाडून टाका. आणि नीटनेटकेपणाची आवड असलेला माणूस झाडून टाकतो.

एवढ्यात स्नेह्यांच्या भाच्याचा बंगळुरूहून फोन आला. तो याच क्षेत्रातला.

"मामा, एवढं कशाला? 'इक्विव्ज'ने डमी पॅकेज बनवा."

"त्याच्या आत काय असतं?"

"काही नसतं."

"आणि बाहेर?"

"बाहेर लिहायचं, की मी क्यूटी ५.१५.८ आहे. ॲप्ट मान्य करतो."

मामा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "याला आम्ही बोगस व्हाउचर म्हणायचो. दोघं निलंबित झाले होते."

भाच्याची युक्ती खोटी नाही. इक्विव्ज खरोखर आहे, डेबियनमध्येच आहे, आणि त्याचे रास्त उपयोगही आहेत. पण अशाने ॲप्टचं समाधान होतं, कार्यक्रमाचं होत नाही. तो सुरू होताना क्यूटीच्या आतलं काहीतरी शोधतो, ते सापडत नाही, आणि कोसळतो. कागद पूर्ण, गोदाम रिकामं.

शेवटी मार्ग निघाला तो टिपांमध्ये आधीपासून लिहिलेला: डेबियनच्या बाहेरून आणलेलं सगळं आधी बाजूला काढा. ही ओळ त्यांनी वाचली होती, खाली रेघही मारली होती, पण बाहेरचं म्हणजे दुसऱ्यांचं असं त्यांनी धरलं होतं. आता 'जी पॅकेजं कुठल्याच रेपॉझिटरीत नाहीत ती दाखव' म्हटल्यावर यादी आली. ती मी फार आवडीने वाचली. भंगारात गेलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर. व्याह्यांच्या एकसष्टीची फिल्म कापण्यासाठी आणलेला व्हिडिओ एडिटर. हवामान सांगणारं विजेट, ज्याला हवामान पाठवणारी सेवा केव्हाच बंद पडली होती. कागदपत्रांवर डिजिटल सही करण्याचं कसलंसं साधन. फॉन्ट, फॉन्ट आणि फॉन्ट. प्लाझ्मा पाच आणि प्लाझ्मा सहा यांचं आपापसात काहीही वैर नव्हतं. त्या दोघांच्या मध्ये स्नेह्यांच्या मागच्या दोन वर्षांतल्या हौशी उभ्या होत्या, आणि प्रत्येक हौशीला एकेक जुनी लायब्ररी जाऊ द्यायची नव्हती.

एकेक काढताना त्यांनी प्रत्येकाचं समर्थन केलं. व्हिडिओ एडिटरपाशी जरा जास्त वेळ लागला. मधल्या वेळात मी त्यांना 'ॲप्ट मू' टाइप करायला सांगितलं. पडद्यावर अक्षरांची गाय येते आणि विचारते, आज हंबरलात का? "हे कुणाच्या मंजुरीने?" त्यांनी विचारलं, पण दुसऱ्यांदा त्यांनी ते आपण होऊन टाइप केलं.

फोटोवाल्याचा होल्ड निघाला आणि ॲप्ट वाहू लागला. शेकडो नावं सरसर गेली. शेवटाकडे एक अडलं: एका पॅकेजला जी फाइल ठेवायची होती ती आधीच दुसऱ्याच्या नावावर होती. दोघांचा एकाच फाइलवर हक्क, आणि ती बाहेरच्या एका थीमने जाताना मागे ठेवलेल्या पॅकेजाची निघाली. तेही काढलं. यापुढे परतीची वाट नव्हती. डेबियनमध्ये खालच्या आवृत्तीवर उतरण्याला आधार नाही, चढायचं तेवढंच.

मशीन पुन्हा चालू झालं. प्लाझ्मा सहा आला. स्नेह्यांनी एका फोल्डरवर क्लिक केलं, ते उघडेना. सहामध्ये दोनदा क्लिक करायचं ठरलं आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन त्यांनी ते एकदाचं केलं. मराठी टाइप करायला गेले तर रोमन अक्षरं उमटली. वेलँड या नव्या चित्रपद्धतीवर मराठी टायपिंगचा आयबस चालवायचा तर 'व्हर्च्युअल कीबोर्ड' या अनपेक्षित सदराखाली जाऊन तो निवडावा लागतो. निवडला. मग रंग पूर्वीचे केले, आयकॉन पूर्वीचे केले, पॅनेल पूर्वीसारखं केलं. आता पडदा हुबेहूब कालच्यासारखा दिसत होता आणि ते कमालीचे प्रसन्न होते.

त्यानंतर त्यांनी डेबियनच्याच रेपॉझिटरीतून फोटोंच्या कार्यक्रमाची नवी आवृत्ती रीतसर बसवली, उघडली, आणि तारखेनुसार लावायचं बटण सगळ्या मेनूंमधून शोधलं. नव्हतंच. चष्मा काढून त्यांनी मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून विचारलं, की ते फ्लॅटपॅक की काय म्हणतात, जे आपली क्यूटी आपल्याबरोबर घेऊन येतं, त्यातून जुनी आवृत्ती आणली तर ॲप्टला कळतं का.